शेवटपर्यंत मळलेलं

माटुंग्याला, कॉलेजच्या कुंपणाला टेकून
पोन्नय्यांची पुस्तकं निळ्या ताडपत्रीवर उभी असतात.
मी म्हटलं, कंपायलर.
कसा लिहायचा, ते.
परीक्षेला नाही. लिहायचाय.
"कुठल्या वर्षाला?"
एक्केचाळिसाव्या, म्हटलं.
ते हसले नाहीत. गिऱ्हाईक कसलंही असतं.

चार काढून दिली.
एक पोळपाटाएवढं जड,
एकात जिकडेतिकडे ग्रीक अक्षरं,
एक नवंकोरं, म्हणून दीडशेने महाग,
आणि एक पातळ, पाठीला चिकटपट्टी लावलेलं.
मी अनुक्रमणिका वाचू लागले
जशी कधीकाळी स्थळांची माहितीपत्रकं वाचली होती.
सगळं होतं त्यांत. कळलं काहीच नाही.

"ताई, असं नाय बघायचं."
पुस्तक मिटून त्यांनी आडवं धरलं,
पानांच्या कडा उन्हाकडे.
"हा बोटांचा मळ बघा."
जाड्याला ऐंशी पानांपर्यंत करडी किनार,
पुढे सातशे पानं पांढरीशुभ्र.
"जूनमध्ये विकतो, मेमध्ये परत येतं.
व्याकरणापर्यंत सगळे जातात."
ग्रीकवाल्याचं अजून बारसंही झालं नव्हतं.
पातळ मात्र शेवटच्या पानापर्यंत मळलेलं,
लाटण्याच्या मुठीसारखं, एकसारखं.
"आतलं मला अक्षर कळत नाय," ते म्हणाले,
"पण हे कुणीतरी संपवलंय."
सत्तर म्हणाले, साठ दिले.

पतपेढीत मी सोळा वर्षं
दुसऱ्यांनी केलेल्या भाषेत व्याज मोजतेय.
चुकलं की ती इंग्रजीत ओरडते,
ओळ सांगते, कारण सांगत नाही.
मला एकदा बघायचं होतं
तो ओरडणारा आत कुठे बसतो.

पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने:
हेमांगी पाठारे, तृतीय वर्ष, १९९१.
पुढे समासभर तीच.
पान तेवीस: "हे खोटं आहे."
पान चोवीस: "नाही. मीच चुकले."
साठाव्या पानावर चहाचा गोल.
एकशे चारवर, यंत्र आकडे कसे घेतं ते:
आधी दोन. मग तीन. मग, शेवटी, मिळव.
ही उलटी पद्धत सुरुवातीला विचित्र वाटेल, म्हणून
लेखकाने माफी मागितली आहे.
शेजारी हेमांगी:
"उलटी कसली? क्रियापद शेवटी. आमच्यासारखंच."

तेवढ्यात आतून आई:
वरच्या फळीवरचा, मधला, पितळी डबा,
त्यातली चिंच, लिंबाएवढी,
भिजत घाल.
मी एकावर एक ठेवत गेले,
फळी, डबा, चिंच, लिंबू,
आणि "घाल" आल्यावरच हात हलला.
चिंच भिजेपर्यंत मी तशीच उभी.

सहा रविवार गेले.
माझी भाषा लहान आहे:
बेरीज, वजाबाकी, एक जर, एक तर.
रात्री पावणेदोनला ती पाच म्हणाली.
दोन आणि तीन मीच दिले होते, तरी
कुणी परक्याने सांगितल्यासारखं वाटलं.
चुकीचा संदेशही मीच लिहिला:
"ओळ सात. कंस उघडलात, मिटायचा राहिला.
होतं असं."

पोन्नय्यांना सांगायला गेले.
"संपलं? मग परत आणलंत?"
नाही, म्हटलं. ते राहू दे माझ्याकडे.
त्यांनी न बोलता जाडं पुढे केलं.
मी ते उघडलं, किनार संपते तिथे.
शनिवार होता, अर्धा दिवस,
अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई तशीच.
पान एक्क्याऐंशीवर उमटली.
"आता," पोन्नय्या म्हणाले, "घ्यावंच लागेल."